काळ्या रानातला संडास

राहीबाई पडली ती हातातल्या तांब्यासकट. भाद्रपदातली झिमझिम चालू होती, फटफटायला लागलं होतं, आणि परसाकडंला जायची वाट काळ्या रानातून होती. त्या वाटेवर चार पावलं टाकली की पायाला शेर शेर चिखल चिकटायचा आणि पाचवं पाऊल कुठं पडेल ते देवालाच ठाऊक असायचं. राहीबाईचं पाचवं पाऊल बांधाच्या कडेवर पडलं. तांब्या ओढ्यात गेला आणि ती उजव्या पायावर अशी बसली की घोटा बघता बघता दुधीभोपळ्यासारखा सुजला.

तिच्या नवऱ्यानं, कृष्णातनं, तिला पाठुंगळी मारून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी मिरजेला नेऊन पाय प्लॅस्टरच्या पांढऱ्या साच्यात घालून आणला. कृष्णात त्याच साली लढाईवरून पेन्शन घेऊन आला होता. पूल बांधणाऱ्या, खंदक खणणाऱ्या सफरमैना पलटणीत तो हवालदार होता. मिसर, म्हणजे इजिप्त, बघितलं होतं, इटली बघितली होती. बोरजाईवाडीत त्याला नावानं हाक मारणारी दोनच माणसं उरली होती. एक त्याची विधवा आत्या बनुबाई, आणि दुसरी बनुबाईची म्हैस, असं गावात गमतीनं म्हणत. बाकी सगळ्यांना तो हवालदार होता.

बायकोचा पाय उशीवर ठेवून कृष्णात उंबऱ्यात बसला आणि बराच वेळ कृष्णेकाठच्या आपल्या काळ्याभोर मळीच्या रानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "संडास बांधायचा."

"कुठं?" राहीबाईनं विचारलं.

"हितंच. घराच्या मागं, गोठ्याच्या पल्याड."

"आवं, घराला खेटून ती घाण? लोकं काय म्हणतील?"

"इटलीत तर घरातच असतुय."

"मग इटलीतच ऱ्हायचं हुतं," राहीबाई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

बनुबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "किस्ना, मांजरबी घरापासनं लांब जाऊन माती लोटतं. आपण काय मांजरापरास खालचं हाय?"

पण कृष्णातनं एकदा मनावर घेतलं की ते मनावरून उतरत नसे. पलटणीत त्याला शिकवलं होतं, खड्डा कोरड्या दिवसांत खणावा. म्हणून त्यानं थंडी जाऊ दिली, शिमगा होऊ दिला आणि चैत्र लागताच गावच्या चांदसाहेब गवंड्याला बोलावणं धाडलं.

चांदसाहेब साठीचा, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. पंचक्रोशीतली निम्मी घरं त्याच्या हातची. तो आला तेव्हा कृष्णातनं जागा आखून सुतळी ताणली होती आणि पाणी मुरवायचा एक खड्डाही खणून ठेवला होता. काळ्या रानाला उन्हानं भेगा पडल्या होत्या. चांदसाहेबानं सुतळीकडं बघितलंच नाही. तो उकिडवा बसला, एका भेगेत त्यानं हात घातला, आणि हात कोपरापर्यंत आत गेला.

"हवालदार, ही भुई जित्ती हाय," तो म्हणाला. "उन्हाळ्यात आकसती, पावसात फुगती. हिच्यावर पक्की भिंत ऱ्हात न्हाई."

"मग माझं घर कसं ऱ्हायलं?"

"घराच्या बुडात तुमच्या आज्यानं मुरूम भरलाय. वर लाकडाचं खांब आन् मातीच्या भिंती. ते बी हलतंय, पण मातीच्या भिंतीला हललं तरी चालतं. दर सालाला भेगा लिपता का न्हाई?"

"ते बायका लिपत्यात."

"म्हणून तर तुमास्नी ठाव न्हाई," चांदसाहेब म्हणाला.

कृष्णातनं त्याला हात धरून उठवलं आणि खणून ठेवलेल्या खड्ड्यापाशी नेलं. मग विहिरीवरून पाणी आणून वीस बादल्या त्यानं खड्ड्यात ओतल्या. पाणी डोळ्यांदेखत नाहीसं झालं. खड्ड्याचा तळ जेमतेम ओला राहिला.

"बघितलंस? कसं पितंय बघ."

"बघितलं. ते भेगंत गेलं. पावसात भेगा मिटल्या की मग वता."

"चांदभाई, मिसरात दोन हजार माणसांचं खड्डं मी खणलेत. एक तक्रार आली न्हाई."

"मिसरात माती कसली हुती?"

"वाळू," कृष्णात म्हणाला.

चांदसाहेबानं दाढी खाजवली. थापी उचलली आणि कामाला लागला, कारण हवालदाराशी बोलण्यात दिवस घालवण्यापेक्षा भिंत बांधलेली बरी, एवढं त्याला कळत होतं.

कृष्णातचा बेत पक्का होता. पहिल्या टाकीत मैला खाली बसणार, वरचं पाणी नळीतून दुसऱ्या खड्ड्यात जाणार, आणि तिथून ते जमिनीत मुरणार. ना वास, ना माशी. सिमेंट मिळत नव्हतं म्हणून त्यानं चुना दळायची घाणी घातली, पक्क्या विटा लावल्या, कऱ्हाडाहून पांढरं शुभ्र भांडं आणलं, वर पत्रा टाकला. दार तर बाभळीचं, असं घट्ट बसलं की आत गेलेल्या माणसाला बाहेरचं काही ऐकू येऊ नये.

लोक बघायला आले. शेजारच्या मळ्यातल्या नानासोनं दार तीनदा उघडून लावून बघितलं आणि म्हणाला, "देवळाला बी असलं दार न्हाई." राहीबाई पहिले आठ दिवस कोणी नाही असं बघून जायची. मग कोणी असलं तरी जायला लागली. घोटा अजून दुखत होता, आणि वीस पावलांत काम होतंय म्हटल्यावर लाज कुठवर धरायची? बनुबाईनं मात्र ग्रामदेवतेची शपथ घेतली होती, की जित्या जिवी त्या खोपटात पाऊल टाकणार नाही. ती पूर्वीसारखी ओढ्याच्या अंगाला जात राहिली.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आणि कृष्णात चांदसाहेबाला वाटेत गाठून रोज विचारायचा, "काय, भुई जित्ती हाय का मेली?" चांदसाहेब म्हणायचा, "अजून झोपलीया."

आषाढात आठ दिवस पाऊस लागून राहिला आणि रानाच्या भेगा मिटल्या. त्यानंतर पहिल्यांदा दार खाली घासायला लागलं. कृष्णातनं खांदा लावून ते ढकललं. "लाकूड फुगलंय," तो म्हणाला, आणि रंधा घेऊन त्यानं बोटभर लाकूड तासून काढलं. चार दिवसांनी दार वरून घासायला लागलं. त्यानं वरूनही तासलं. मग भांड्यात ओतलेलं पाणी रेंगाळायला लागलं. आधी जरा थांबून जायचं, मग बरंच थांबून जायचं, आणि एके दिवशी ते गेलंच नाही. उलट भांड्यातून गुडगुड आवाज आला.

"नळीत हवा आडकलीया," कृष्णात म्हणाला.

"भुई लय प्यालीया. आता ढेकर देतीया," चांदसाहेब म्हणाला.

त्याच आठवड्यात एका सकाळी बनुबाई घरात दिसेना. चहा निवला, म्हैस धार काढायची वाट बघत हंबरायला लागली, तरी आत्तीचा पत्ता नाही. राहीबाई ओढ्यापर्यंत जाऊन आली. ओढ्याला कमरेएवढं लाल पाणी होतं आणि काठावर कोणी नव्हतं. कृष्णातनं नानासोला हाक मारली, नानासोनं वस्तीला हाक मारली, आणि तासाभरात वीसएक माणसं दोर, काठ्या घेऊन ओढ्याच्या दोन्ही काठांनी शोधायला लागली. चांदसाहेबही आला. कृष्णात डोहात गळ्याएवढ्या पाण्यात उतरून करंजीच्या मुळ्या चाचपून आला. ज्या बाईनं त्याला आईमागं वाढवलं, ती अशी जावी हे त्याच्या मनाला सोसवत नव्हतं.

ओला होऊन, मान खाली घालून तो घराच्या मागनं येत होता, तोच संडासातून कोणीतरी खोकलं.

कृष्णात थांबला. "आत्ती?"

त्यानं दारावर थाप मारली.

"आत कोण हाय?"

"कोण न्हाई," आतून बनुबाई म्हणाली.

कृष्णात तिथंच चिखलात बसला. मागून आलेली माणसंही थांबली.

"मग बोलतंय कोण?"

"मी शेळी बघाय आल्ते."

"शेळी आत हाय?"

"न्हाई."

"मग दार उघडा की, आत्ती."

"उघडतंय का तूच बघ. दिस उगवायच्या आधीपासनं बघतीया मी."

"मग हाक मारायची. सगळी वस्ती वढा धुंडाळतीया."

"हाक मारली असती तर सगळी वस्ती हितं आली असती," बनुबाई म्हणाली. वस्ती तिथंच उभी आहे हे तिला कोणी सांगितलं नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आन् किस्ना, खालनं पाणी वर याय लागलंय."

कृष्णातनं दाराला खांदा दिला. नानासोनं दिला. चौघांनी मिळून दिला. दार हललं नाही, पण भिंतीतून चुन्याची भुकटी पडली. चांदसाहेब धावत आला आणि त्यानं सगळ्यांना मागं ओढलं.

"ढकलू नगा. भुईनं चौकट पिळलीया. भिंतीचं सगळं वजन दारावर बसलंय. दार निघालं तर भिंत आत्तींच्या अंगावर यील."

"मग?"

"वरनं काढायचं."

पत्रा काढला. दोघं गडी जपून भिंतीवर चढले, दोरीला खाटेची चौकट बांधून आत सोडली, आणि बनुबाईला पाटावरच्या नवरीसारखं वर घेतलं. पाऊस थांबला होता. डोक्यावर पदर, हातात तांब्या, आणि चेहरा कीर्तनाला बसल्यागत. वीस माणसांच्या डोक्यांवरून ती खाली आली. कोणी हसलं नाही, कारण हसणाऱ्याला बनुबाई पुढं वर्षभर गाठून बोलली असती. तिनं पातळ झटकलं, तांब्या राहीबाईच्या हातात दिला आणि कृष्णातला म्हणाली, "सोय बरी हाय. दार तेवढं बघ."

पण नुसतं दार बघून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली आणि सगळं बांधकाम गोठ्याकडं कलंडलं. म्हैस तिकडं बघून बुजायला लागली.

कृष्णात हटला नाही. पाणी काढून द्यायला त्यानं चर खणला, तर चरातून शेतातलं पाणी उलटं खड्ड्यात आलं. खड्डा आणखी खोल केला, तर खालून झरा लागला. चौथ्या दिवशी खड्ड्यात बेडूक पोहत होते. ऑगस्टात देश स्वतंत्र झाला, चावडीवर झेंडा लागला, साखर वाटली, पण राहीबाईला पुन्हा त्याच चिखलाच्या वाटेनं जावं लागत होतं. फरक एवढाच, की आता कृष्णात काठी आणि छत्री घेऊन पुढं चालायचा, जागोजागी फळ्या टाकायचा आणि "हितं पाय दे, हितं नगं," असं मोठ्यानं सांगायचा.

"तुमी येऊ नगा बघा," राहीबाई तिसऱ्या दिवशी म्हणाली. "वरात निघाल्यासारखं वाटतंय. सगळ्या शिवाराला कळतंय मी कुठं निघालीया."

"पडलीस तर?"

"पडल्यालं बरं," ती म्हणाली. पण त्याचा हात तिनं सोडला नाही.

पाऊस ओसरल्यावर चांदसाहेब आपणहून आला. कृष्णातला घेऊन तो मळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या माळावर गेला. कुसळाखेरीज काही न उगवणारी ती जमीन कृष्णातचीच होती, पण त्यानं तिच्याकडं कधी ढुंकून बघितलं नव्हतं. चांदसाहेबानं टिकाव मारला. खाली तांबूस, खरबरीत मुरूम लागला. त्यानं खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. पाणी घाई न करता, घोट घोट घेतल्यासारखं खाली गेलं.

"आता पाऊस हुऊन गेलाय, तरी पितीया," चांदसाहेब म्हणाला. "उन्हाळ्यातबी येवढंच पील. ही फुगत न्हाई, आकसत न्हाई. हिच्यावर बांधलं की आपण मेल्यावरबी उभं ऱ्हातं."

"आधी का न्हाई सांगितलंस?"

"आधी तुमी मिसरात हुता."

दिवाळीपर्यंत माळावर दुसरा संडास उभा राहिला. दार एका बोटानं उघडायचं, भिंत ओळंब्याला तंतोतंत. वळवाच्या सरी येऊन गेल्या, पुढचा आषाढ येऊन गेला, तरी भांड्यातून एकदाही आवाज आला नाही. कृष्णात पावसात मुद्दाम वर जाऊन बादल्या ओतून यायचा आणि ओला होऊन, खूश होऊन परत यायचा.

"झ्याक झालाय," राहीबाई म्हणाली. "पण चारशे पावलं हायत. चढाची. त्यापरास माझा वढा जवळ हाय."

हे खरं होतं. कृष्णातनं दोन दिवस घर ते माळ अशी पावलं मोजली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून तो शिडी घेऊन घरावर चढला आणि कौलं उतरवायला लागला.

"हे काय?" राहीबाई खालून म्हणाली.

"घर वर न्यायचं."

"वर कुठं?"

"संडासाशेजारी."

नानासो बांधावरून बघत होता. तो म्हणाला, "हवालदार, लोकं घर बांधत्यात आन् मग संडास बांधत्यात."

"लोकांचं घर चुकीच्या मातीत असतं," कृष्णात वरून म्हणाला आणि पुढचं कौल काढलं.

राहीबाई चिडली, रडली, एक दिवस जेवली नाही. पण जिच्या जोरावर ती अडून बसणार होती त्या बनुबाईनं आपलं गाठोडं सगळ्यात आधी बांधलं होतं. "माझी हाडं आता त्या वढ्याला जात न्हाईत," ती म्हणाली. "किस्ना येडा हाय, पण येडेपण सोयीचं हाय." मग राहीबाईनंही भांडी पोत्यात भरली.

खांब, तुळया, कौलं गाडीनं वर गेली. चांदसाहेबानं हातभर पाया खणला आणि म्हणाला, "बास. खाली दगडच हाय." शिमग्याला घर उभं राहिलं. त्या साली भिंतींना एक भेग पडली नाही. राहीबाई लिपायची माती कालवून वाट बघत बसली होती, ती तशीच वाळून गेली.

पण माळावरच्या घरात राहीबाईचं मन लागेना. तिनं अंगणात वांगी लावली, ती वीतभर वाढून उभ्या उभ्या वाळली. घेवड्याचा वेल निघालाच नाही. कितीही पाणी घातलं तरी मुरूम गिळायचा आणि घटकेत पुन्हा कोरडा व्हायचा. कोथिंबीर पेरली, तर उगवली तेवढी कोंबड्यांनी मोजून खाल्ली.

"ही भुई संडासाला चांगली," राहीबाई म्हणाली, "पण भाजीला अवदसा."

तिनं टोपली उचलली आणि खाली काळ्या रानात गेली. जुन्या घराच्या चौथऱ्यापाशी, कलंडलेल्या संडासाच्या बाजूला तिनं चार आळी केली. त्या मातीत काय नव्हतं? उन्हाळ्यात एक पाणी दिलं तर आठ दिवस ओल धरायची. वांग्यांना काठ्या लावाव्या लागल्या. दुधीचा वेल कलंडलेल्या भिंतीवर चढला, उघड्या माथ्यावरून आत उतरला, आणि भिंतीच्या भेगेतून हातभर लांब दुधी लोंबायला लागले. बनुबाई म्हणाली, असले दुधी तिनं औंधाच्या जत्रेतही बघितले नव्हते, आणि ते कशावर पोसलेत याची चौकशी कोणी करू नये.

राहीबाई आता न्याहरी झाली की खाली जायची ती दिवस मावळतीला वर यायची. बनुबाई म्हैस चारायला गेली की वरच्या घरात कृष्णात एकटा. भिंती सरळ, दार हलकं, संडास चकचकीत, आणि माणूस कोणी नाही. दुपारी तोच भाकरी बांधून खाली जायचा. दोघं वांग्यांच्या वाफ्याशेजारी बसून जेवायची.

एकदा असंच जेवताना राहीबाई घुटमळली. भाकरीचा तुकडा तिनं नुसताच हातात धरला.

"एक सांगू का?"

"सांग की."

"दिसभर मी हितं असती. वर जायाचं म्हंजे चारशे पावलं, चढाची. आन् आता वढ्याकडं जायाची सवय मोडलीया." ती वाफ्यातलं तण उपटायला लागली. "हितं एखादा बांधला असता तर बरं झालं असतं."

कृष्णातनं घास गिळला. काळ्या मातीकडं बघितलं. उन्हानं तिला नुकत्या बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. त्यानं भाकरी संपवली, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला, धोतराला पुसला आणि थेट चांदसाहेबाच्या घरी गेला. चांदसाहेब ओसरीवर पान लावत होता.

"चांदभाई, काळ्या रानात संडास बांधायचाय."

चांदसाहेबानं पान खाली ठेवलं. "हवालदार, मी काय बोलू आता?"

"तूच बोल. मी ऐकाय आलोय."

चांदसाहेबानं त्याच्याकडं नीट बघितलं. हवालदार खरंच ऐकायला आला होता. भिंतीला टेकून, हात गुडघ्यांवर ठेवून तो शाळेतल्यासारखा बसला होता.

"मग खणायचं न्हाई," चांदसाहेब सावकाश म्हणाला. "त्या भुईत टिकाव घालायचाच न्हाई. वरच्या माळाचा मुरूम खाली न्यायचा, दोन पुरुष रुंद, पुरुषभर उंच ढीग घालायचा, धुमुसानं ठोकून घट्ट करायचा, आन् त्याच्या डोक्यावर संडास बांधायचा. पाणी त्या ढिगातच मुरंल. भुईला पत्ता लागणार न्हाई."

"पुरुषभर उंच म्हंजे गावातनं दिसंल."

"दिसंल. कऱ्हाडातनं न्हाई दिसायचं."

"मुरूम किती लागंल?"

"सत्तरऐंशी गाड्या."

कृष्णातनं मान हलवली. उठून टोपी डोक्यावर घातली.

"गाडी कवा जुपू?" त्यानं विचारलं.